कळतं पण वळत नाही : हौशी जादूगाराचं पुढचं पुस्तक

आमच्या लॅबमध्ये एक ज्युनियर आहे. सेंट्रिफ्यूज फिरत असताना जी वीस मिनिटं हातात रिकामी मिळतात, त्यात तो ॲप्रनच्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढतो आणि समोर येईल त्याला एक पत्ता ओढायला लावतो. हात बरा आहे पोराचा. गेल्या महिन्यात त्याने मला विचारलं, "दादा, सुरुवातीचं एक पुस्तक वाचून झालं. वीसेक ट्रिक्स येतात. आता पुढे काय वाचू?" आणि फोनवर एक यादी दाखवली. साठेक पुस्तकं होती. सगळी "वाचायलाच हवीत" अशी.

मला हसू आलं, कारण ही यादी माझ्या ओळखीची होती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी अशीच तीनशे पेपरांची यादी केली होती, फोल्डर लावले होते, रंग दिले होते. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "यातला पहिला कशासाठी वाचणार आहेस?" आणि माझी बोलती बंद.

त्या पोराला उत्तर द्यायचं म्हणून मी जादूच्या पुस्तकांच्या इतिहासात थोडा शिरलो, आणि नेहमीप्रमाणे थोड्याचं बरंच झालं. जादूगारांची पुस्तकं हा संशोधन शिकणाऱ्यांसाठी फार चांगला नमुना आहे असं माझं मत झालंय. इथे वाचलेलं खरंच कळलंय का, हे लपवता येत नाही. पत्ता हातातून पडतो. म्हणून हा लेख. तुम्ही जादू करत नसाल तरी वाचा.

सुरुवात 1584 पासून करू. इंग्लंडच्या केंट परगण्यातला रेजिनाल्ड स्कॉट नावाचा एक गृहस्थ 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हे पुस्तक छापतो. हातचलाखी नीट समजावून सांगणारं इंग्रजीतलं पहिलं मोठं लिखाण म्हणून जादूगार याच पुस्तकाचं नाव घेतात. पण गंमत अशी की हे पुस्तक जादूगारांसाठी लिहिलेलंच नाही. तो काळ चेटकिणी ठरवून बायकांवर खटले भरण्याचा. स्कॉटचं म्हणणं होतं की या बहुतेक म्हाताऱ्या, गरीब, आजारी बायका आहेत, आणि ज्याला लोक सैतानी शक्ती म्हणतात त्यात भ्रम आणि फसवणूक यापलीकडे काही नाही. ते सिद्ध करायला त्याने हातचलाख्या करणाऱ्यांकडून युक्त्या शिकून घेतल्या. लंडनमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच माणसाची मदत झाल्याचं तो स्वतः सांगतो. नाणं कसं गायब होतं, पत्ता कसा ओळखता येतो, धडावेगळं मुंडकं ताटात ठेवून ते बोलतं कसं करायचं, हे सगळं त्यात आहे. जिभेतून दाभण आरपार गेल्यासारखं दिसण्यासाठी दाभण कसं बनवायचं, त्याची चित्रंसुद्धा छापली.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळेत येऊन नारळातून करणी काढून दाखवतात, मंत्राने अग्नी पेटवतात, आणि मग "पोरांनो, हे असं केलं" म्हणून रसायनांच्या बाटल्या समोर ठेवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. स्कॉटचं काम त्याच जातीचं. राजा जेम्सने पुढे 1597 मध्ये स्वतः चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावनेत स्कॉटचं नाव घेऊन त्याला खोडून काढलं. जेम्सने स्कॉटच्या प्रती जाळायला लावल्या, ही गोष्ट जादूच्या कितीतरी पुस्तकांत छातीठोकपणे दिलेली असते. पण त्याला त्या वेळच्या इंग्लंडमधला भक्कम पुरावा सापडत नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं. "अमुक यांनी म्हटले आहे" असं लिहून पुढे जाण्याची खोड आपल्यालाही असते, तेव्हा हे लक्षात असू द्या.

तर पहिली गोष्ट, पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते बघायचं. स्कॉट वाचून जादू येणार नाही. युक्ती काय आहे ते कळेल, कारण त्याला तेवढंच सांगायचं होतं. हात कसा चालवायचा हा त्याचा विषयच नव्हता.

पण पुढची दोन-अडीचशे वर्षं इतरांनी काय केलं? बरेचदा स्कॉटच उतरवला. 1634 मध्ये लंडनला 'होकस पोकस ज्युनियर' निघालं. फक्त जादूलाच वाहिलेलं हे इंग्रजीतलं पहिलं सचित्र पुस्तक. लेखकाचं नाव नाही. त्यात नवीन आहे, चांगलंही आहे, पण स्कॉटचा हातही दिसतो. नंतरच्या कित्येक पुस्तिकांनी या दोघांना आलटून पालटून लुटलं. त्यामुळे यादीत त्या काळातली दहा पुस्तकं असली तरी ज्ञान दहापट होत नाही. रिव्ह्यू पेपरवरून रिव्ह्यू पेपर लिहिलेले तुम्ही वाचले असतील, तर हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आता फ्रान्समध्ये ब्ल्वा नावाच्या गावी जाऊ, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. घड्याळजीचा एक मुलगा घड्याळाच्या कामावरचा मोठा ग्रंथ घ्यायला पुस्तकवाल्याकडे जातो. पुस्तकवाला घाईत भलतेच दोन खंड बांधून देतो. घरी येऊन उघडतो तर आत विज्ञानाच्या करमणुकी आणि जादूचे प्रयोग. परत करायचं सोडून तो रात्रभर वाचत बसतो. हा झाँ-यूजेन रॉबेर-ऊदँ. 1845 मध्ये पॅरिसमध्ये त्याने स्वतःचं थिएटर उघडलं, आणि आधुनिक रंगमंचीय जादूचा जनक म्हणून त्याचं नाव आजही घेतात.

ही चुकीच्या पुस्तकाची गोष्ट त्याने स्वतः 1858 च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. खरी असेल, नसेल. त्याच आत्मचरित्रात तोरिनी नावाचा एक थोर जादूगार गुरू म्हणून येतो, आणि तो माणूस कधी अस्तित्वात होता असं आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. जादूगाराने आत्मचरित्रातसुद्धा प्रयोग केला म्हणायचा. पण त्या पुस्तकाबद्दलची त्याची तक्रार मला मात्र शंभर टक्के खरी वाटते. युक्त्या वाचून समजत होत्या. करायला गेलं की जमत नव्हतं. वाचकाला हातचलाखीचं मूळ तंत्र येतंच, असं लेखकाने गृहीत धरलं होतं. आपल्याकडे "कळतं पण वळत नाही" म्हणतात ते इथे अगदी अक्षरशः लागू. बोटं वळत नव्हती.

मग त्याने काय केलं? अजून पुस्तकं जमवली नाहीत. गावात पायाची भोवरी काढणारा एक माणूस होता, त्याला गोळे हवेत फेकून झेलण्याची कला येत होती. त्याला पैसे देऊन तो ती शिकला. चार गोळे हवेत नाचवता यायला लागल्यावर त्याने समोर पुस्तक उघडं ठेवलं आणि गोळे चालू असताना वाचायचा सराव केला. हात आपलं काम करत राहिले पाहिजेत आणि डोकं मोकळं राहिलं पाहिजे, म्हणून. मला हे चित्र फार आवडतं. पुस्तकात जे नव्हतं ते त्याने पुस्तकाबाहेर जाऊन मिळवलं, आणि मग पुस्तकाकडे परत आला. पेपरमधली 'मेथड्स' वाचून पहिल्यांदा जेल चालवलं असेल त्याला हे पटेल. "नमुना काळजीपूर्वक भरावा" एवढंच लिहिलेलं असतं. काळजीपूर्वक म्हणजे कसं, ते शेजारच्या टेबलावरची सीनियर ताई दाखवते.

ही फट छापील पुस्तकात भरून काढण्याचं श्रेय इंग्रजीत एका वकिलाला द्यावं लागेल. अँजेलो लुईस हा लंडनचा बॅरिस्टर, 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने लिहायचा. त्याने आधी मुलांच्या मासिकात लेखमाला लिहिली आणि 1876 मध्ये तिचं पुस्तक झालं, 'मॉडर्न मॅजिक'. सुरुवातीलाच काही सर्वसाधारण नियम आहेत. काय करून दाखवणार ते आधी सांगू नका. एकाच बैठकीत तोच प्रयोग पुन्हा करू नका. मग कांडी, कपडे, टेबल, आणि मग पत्ते हातात धरायचे कसे इथपासून. म्हणजे वाचकाला काही येत नाही हे धरून चाललेलं पुस्तक. "सगळी गुपितं फोडली" अशी ओरडही झाली, पण त्यानंतरच्या पिढीत घरबसल्या शिकलेले जे जादूगार आले त्यातले कित्येक याच पुस्तकावर वाढले. रॉबेर-ऊदँचं 1868 चं तंत्रावरचं पुस्तक इंग्रजीत आणलं तेही हॉफमननेच, 1878 मध्ये.

हॉफमन आज पुढचं पुस्तक म्हणून घ्यावं का? माझं मत, नको. इंग्रजी जुनं आहे, साहित्य व्हिक्टोरियन दिवाणखान्यातलं आहे. पण कधीतरी चाळा. एखादी गोष्ट दुसऱ्याला शिकवता येईल अशी लिहायची कशी, हे त्यात दिसतं.

या रॉबेर-ऊदँचं आत्मचरित्र अमेरिकेतल्या एका गरीब घरातल्या पोराने वाचलं. बुडापेस्टला जन्मलेला एरिक वाइस. इतका भारावला की त्याच्या नावाला 'आय' लावून स्वतःचं नाव हुडिनी ठेवलं. पुढे त्यानेच 1908 मध्ये 'द अनमास्किंग ऑफ रॉबेर-ऊदँ' हे पुस्तक लिहून त्याच गुरूला चोर ठरवलं. तुझे शोध तुझे नव्हतेच, आधीच्यांचे होते, असा सगळा रोख. पुस्तक चिडून लिहिलंय आणि ते पानोपानी कळतं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातल्या चुका दाखवल्या. मग ते वाचूच नये का? इथे थोडं थांबू या.

चिडलेल्या हुडिनीने मेहनत मात्र जबरदस्त केली होती. जुन्या जादूगारांच्या घरी जाऊन त्याने हस्तपत्रकं, जाहिराती, चित्रं, तिकिटं जमवली. लंडनमध्ये त्याला हेन्री इव्हॅनियन नावाचा वृद्ध जादूगार-संग्राहक भेटला. लोक फेकून देतात असे कागद या माणसाने आयुष्यभर जपले होते, आणि हुडिनीच्या संग्रहाला त्याचा मोठा आधार मिळाला. हुडिनी 1926 मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पुढच्या वर्षी जवळजवळ चार हजार पुस्तकं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला गेली. तर त्याच्या पुस्तकातली मतं बाजूला ठेवा आणि त्यात छापलेली हस्तपत्रकं बघा. अमुक प्रयोग अमुक साली अमुक गावात झाला, हे हस्तपत्रक सांगतं. लेखकाचा राग त्याला बदलू शकत नाही. निष्कर्ष डळमळीत आणि डेटा चांगला, असे पेपर तुमच्याही विषयात असतील. ते फेकू नका.

आता मूळ प्रश्नाच्या अगदी जवळची गोष्ट. आमच्या ज्युनियरच्या यादीत पहिलं नाव होतं, 'द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल'. 1902, शिकागो. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. पत्त्यांच्या हातचलाखीवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, बहुधा सगळ्यात कठीणही. पहिला मोठा भाग जादूचा नाहीच, जुगाराच्या टेबलावर पत्ते कसे लावायचे त्याचा आहे. पैशांची गरज होती म्हणून लिहिलं, असं लेखक उघड सांगतो. तो कोण होता हे आजपर्यंत पक्कं ठरलेलं नाही. नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, तेव्हा त्या दिशेने बराच शोध झाला.

या शोधातला एक माणूस तुम्ही ओळखता, मार्टिन गार्डनर. 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या गणिती कोड्यांचा स्तंभ लिहिणारा तोच. तो हौशी जादूगार होता. पुस्तकात चित्रकाराचं नाव दिलेलं होतं, एम. डी. स्मिथ. गार्डनरने हा माणूस हयात आहे हे शोधून काढलं आणि 1946 मध्ये त्याला गाठलं. स्मिथला आठवत होती ती कडाक्याची थंडी, हॉटेलची खोली आणि मृदू बोलणारा एक लहानखुरा माणूस. म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरची आठवण. गार्डनरने एका संशयिताचं नाव पुढे केलं, पण तो उंच होता म्हणतात. आठवण चुकली की संशयित? वाद अजून चालू आहे. कोणाला मौखिक इतिहासाच्या मर्यादांवर सेमिनार द्यायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण मी सुचवणार नाही.

पण आपल्याला पुस्तकाच्या लेखकापेक्षा वाचकाशी काम आहे. कॅनडात ओटावाला 1894 मध्ये जन्मलेला डेव्हिड व्हर्नर, पुढे दाई व्हर्नन म्हणून प्रसिद्ध झालेला. पोरवयात त्याच्या हाती हे पुस्तक लागलं आणि त्याने ते जवळजवळ तोंडपाठ केलं. पाठ केलं म्हणजे आपण परीक्षेसाठी करतो तसं नाही. एकेका वाक्याला हात लावून पाहिलं. बोट इथे म्हणजे नक्की कुठे, दाब किती, चित्र आणि मजकूर जुळत नसेल तर कोण बरोबर. हेच पुस्तक हजारोंनी विकत घेतलं होतं. व्हर्ननइतकं त्यातून कोणी काढलं नाही.

1922 मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात व्हर्नन आणि हुडिनी समोरासमोर आले. हुडिनीची बढाई अशी की कोणतीही ट्रिक मला तीनदा दाखवा, मी ओळखीन. व्हर्ननने एक साधा प्रयोग केला. हुडिनीने सही केलेला पत्ता गठ्ठ्यात मध्ये सरकवला जातो आणि वर येतो. पुन्हा मध्ये, पुन्हा वर. तीनपेक्षा जास्त वेळा केला, हुडिनीला कळलं नाही. हॉफमनचा नियम आठवतोय? तोच प्रयोग पुन्हा करू नका. व्हर्ननने नियम मोडला, आणि मोडू शकला कारण त्याचा हात तिथवर पोचला होता. आणि हुडिनीकडे जगातला एक उत्तम ग्रंथसंग्रह होता! मी हे संग्रहाच्या विरोधात सांगत नाहीये. संग्रह आणि हात यांचे हिशेब वेगळे असतात, एवढंच.

पुस्तक पाठ झाल्यावर व्हर्ननला त्याची हद्दही दिसायला लागली. वरून पत्ता वाटण्याचा देखावा करून खालून वाटायचा, हे पुस्तकात होतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात, तुरुंगातल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याने त्याला सांगितलं की गठ्ठ्याच्या मधून पत्ता वाटणारा एक माणूस आहे. जाणकारांच्या मते हे अशक्य होतं. व्हर्ननने त्या माणसाच्या शोधात गावं पालथी घातली आणि 1932 मध्ये मिसूरी राज्यातल्या प्लेझंट हिल गावात ॲलन केनेडी हा जुगारी त्याला सापडला. त्याने मधून पत्ता वाटून दाखवला. ही सगळी हकिगत कार्ल जॉन्सनच्या 'द मॅजिशियन अँड द कार्डशार्प' या पुस्तकात आहे, 2005 चं. एखाद्या कादंबरीसारखं वाचून होतं.

यातला क्रम बघा. अर्डनेस नीट वाचला होता म्हणूनच मधून वाटणं ही नवी गोष्ट आहे, हे त्याला क्षणात कळलं. ज्याने वाचलंच नव्हतं त्याला तुरुंगातली ती गप्प एक गप्पच वाटली असती. आपल्याकडे ज्याला 'रिसर्च गॅप' म्हणून सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद चिकटवतात, ती खरी दिसते ती अशी.

म्हणून अर्डनेस वाचावं का? वाचावं, पण दुसरं पुस्तक म्हणून मुळीच नाही. मी आमच्या ज्युनियरला हेच सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला. ते वाचायचं तेव्हा सोबत टीका घेऊन वाचावं. डार्विन ऑर्टिझने 1991 मध्ये त्यावर ओळीओळीने टीपा लिहिल्या आहेत. त्याआधी, 1984 मध्ये, नव्वदीला आलेल्या व्हर्ननच्या टिपणांसह एक आवृत्ती निघाली होती. एका माणसाने पोरवयात वाचलेल्या पुस्तकावर म्हातारपणी टिपणं दिली. किती पुस्तकांच्या नशिबी हे येतं?

इथे मला एक गोष्ट खटकली. साठ नावांच्या त्या यादीत एकही भारतीय नाव नव्हतं. मदारी, गारुडी, टोपलीचा खेळ, कोयीतून आंब्याचं झाड उगवणं, हे सगळं ज्या देशात रस्त्यावर होत आलं त्याचं नाव जादूच्या वाचनयादीत का नाही? साधं कारण आहे, ही विद्या घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे गेली, छापली गेली नाही. छापलं ते बाहेरून आलेल्यांनी, त्यांना जसं दिसलं तसं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामो सामी नावाचा दक्षिण भारतीय खेळकरी लंडनमध्ये नावाजलेला होता, लोक तिकीट काढून त्याला बघायला जायचे. त्याच्याबद्दल इतरांनी लिहिलेलं सापडतं. त्याने लिहिलेलं पुस्तक नाही.

आणि बाहेरच्यांनी लिहिलेलं किती भरवशाचं? 'इंडियन रोप ट्रिक' ऐकली असेलच. दोर हवेत उभा राहतो, पोरगा वर चढतो, गायब होतो. 8 ऑगस्ट 1890 रोजी 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये लेख आला की एका प्रवाशाने भारतात हे पाहिलं, फोटो काढले, आणि फोटोत ना दोर ना पोरगा, म्हणजे सगळ्यांवर संमोहन होतं. प्रवाशाचं नाव फ्रेड एस. एलमोर. काही महिन्यांनी पेपरने कबूल केलं की लेख मनाने रचलेला होता. एस. एलमोर घाईत म्हणून बघा, 'सेल मोर' होतं. पण तोवर गोष्ट जगभर पोचली होती. मग "आम्हीही पाहिलं" म्हणणारे निघाले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि पीटर लॅमाँट यांनी 1996 मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. प्रत्यक्ष पाहिल्याचा दावा आणि तो सांगितल्याची तारीख यात जितकी वर्षं जास्त, तितका प्रयोग अधिक अद्भुत होत गेलेला त्यांना दिसला. स्मिथची पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आठवण वापरताना हे ध्यानात ठेवायला हवं. लॅमाँटचं रोप ट्रिकवरचं पुस्तक 2004 चं आहे, आणि भारतीय जादूचा एकत्र इतिहास हवा तर जॉन झुब्रझिकीचं 'जादूवालाज, जगलर्स अँड जिन्स', 2018. हे दुसरं मी ज्युनियरच्या यादीत हाताने लिहून घातलं. त्यातून एकही ट्रिक येणार नाही हे सांगूनच.

असो. पोराला शेवटी काय सांगितलं? मी यादी बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, "अडतोयस कुठे?" तो म्हणाला, ट्रिक्स येतात पण समोरचा हातांकडेच बघत राहतो, मग घाम फुटतो. म्हणजे दोन अडचणी. एक हाताची, एक समोरच्या माणसाची.

हाताच्या अडचणीवर माझं उत्तर एकच होतं. ह्यूगार्ड आणि ब्राव यांचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक', 1940 च्या दशकाच्या शेवटचं. सुरुवात पत्ते पिसण्यापासून. प्रत्येक प्रकरणात एखादं तंत्र आणि त्यावर आधारलेले प्रयोग. मागचं आलं नाही तर पुढचं जमत नाही. नाण्यांचा नाद असता तर बोबोचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' सांगितलं असतं, 1952 चं. आणि आपल्याला नक्की काय आवडतं हेच ज्याला ठाऊक नाही त्याने मार्क विल्सनचं 1975 चं जाड पुस्तक घ्यावं, त्यात दोऱ्या, रुमाल, पत्ते, सगळ्याची ओळख होते. टार्बेलचा कोर्स आठ खंडांचा. 1920 च्या दशकात साठ धड्यांचा पोस्टाने शिकवायचा अभ्यासक्रम होता, त्याचं पुढे पुस्तक झालं. तो कपाटात असावा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसू नये. विश्वकोश कोणी तसा वाचतं का?

समोरच्या माणसाची अडचण मात्र हाताच्या पुस्तकाने सुटत नाही. तिथे सिद्धान्त लागतो. मास्केलिन आणि डेव्हंट यांचं 1911 चं 'अवर मॅजिक' हे त्यातलं जुनं आणि भारदस्त. हा नेव्हिल मास्केलिन म्हणजे 1903 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या बिनतारी संदेशाचं प्रात्यक्षिक चालू असताना मध्येच आपले खोडसाळ संदेश घुसवणारा. "सुरक्षित आहे" म्हणणाऱ्या दाव्याची त्याने भर सभेत चाचणी घेतली. फिट्झकीचं 'द ट्रिक ब्रेन' 1944 चं, त्यात जादूच्या सगळ्या परिणामांचे एकोणीस प्रकार पाडलेत. वर्गीकरणाची हौस असलेल्यांना आवडेल, मला थोडं रुक्ष वाटलं. ऑर्टिझचं 'स्ट्राँग मॅजिक', 1994, आजच्या वाचकाला जवळचं. पण सिद्धान्ताचं पुस्तक केव्हा घ्यायचं? दहा-पंधरा वेळा लोकांसमोर फजिती झाल्यावर. त्याआधी वाचलं तर सगळं पटतं आणि काहीच लागू पडत नाही. थिअरीचं प्रकरण आधी लिहून मग डेटा शोधायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. एक तर आरशात रोज दिसायचा.

एक बाजूची गोष्ट. स्कॉट, हॉफमन, अर्डनेस यांचे स्वामित्व हक्क कधीच संपलेत, स्कॅन उघडपणे मिळतात, बिनधास्त घ्या. नव्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ फिरतात, त्या घेऊ नका. या धंद्यात लेखकाकडे विकायला असतं ते तेवढंच, आणि एखादी युक्ती कोणाची आहे हे सांगण्यावर जादूगार लोक जितके भांडतात तितके आपण सायटेशनवर भांडलो तरी पुष्कळ.

तर साठातली दोन पुस्तकं उरली. रॉयल रोड आता, ऑर्टिझ वर्षाने. अर्डनेसच्या स्वस्तातल्या आवृत्तीची ऑर्डर त्याने माझ्यादेखत दिली होतीच, ती आली आणि त्याने ती माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिली, मोह नको म्हणून. परवा सेंट्रिफ्यूजपाशी भेटला. तीन आठवडे झाले, अजून पहिल्या प्रकरणात आहे, पत्ते पिसतोय. मी म्हटलं, दाखव काहीतरी. म्हणाला, "दादा, नुसतं पिसतो. तुम्ही माझ्याशी सेमिनारबद्दल बोलत राहा आणि माझ्या हातांकडे बघता का ते मला बघू द्या."

मी दोनदा बघितलं.